पंचवीस तारखेचा कागद

एकाच दिवशी दोन पत्रं आली. एक विलायतेचं निळं, एक हिंगोलीचं साधं कार्ड. डाकवाल्यानं दोन्ही माझ्या हातात दिली आणि तिथंच उभा राहिला. निळं पत्र तर चिकटवलेलं होतं. म्हणजे कार्ड ह्यानं वाटेत वाचलं होतं आणि आता आमचं तोंड कसं होतं ते बघायला थांबला होता. मी म्हणालो, "जय भीम. निघा आता."

निळं पत्र अनुसयाअक्काचं. ती माझी थोरली बहीण. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि त्र्याहत्तर साली इंग्लंडला गेली. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात नोकरी करते. गेल्यापासून एकदाही घरी आली नव्हती. पत्रात लिहिलं होतं:

"चार वर्षं नाताळची ड्युटी माझ्यावरच टाकली. का तर, हा काही तुझा सण नाही. यंदा मी मोठ्या मेट्रनला सांगितलं, पंचवीस डिसेंबर माझाही आहे. तिनं विचारलं, तू ख्रिश्चन आहेस? मी म्हटलं, नाही, त्या दिवशी आमच्या माणसांनी एक पुस्तक जाळलं. तिनं रजेवर सही केली. मी तेवीसला हिंगोलीला दादाकडं उतरते. मायला घेऊन पंचवीसला तिथं ये. यंदाचा कागद आपण सगळे मिळून करू."

माय अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. पत्र ऐकताना तिचा हात थांबला नाही, पण शेंगांबरोबर पानंही टोपलीत पडत होती.

"दादाचंबी कार्ड हाय," मी म्हणालो.

"वाच."

नामाजीदादा आमच्यात सगळ्यात थोरला. हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनिंगात कारकून. त्याचं कार्ड असं होतं: "चि. रामकिशन यास आशीर्वाद. अनुसया तेवीस ते सव्वीस माझ्याकडे राहील. सत्तावीसला तिला गावी साखऱ्याला पाठवतो. पंचवीसला घरमालकाची मंडळी आपल्याकडे नाताळच्या चहाला येणार आहेत. तरी त्या दिवशी आईला घेऊन येऊ नये. गैरसमज नसावा."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"'येऊ नये' असंच लिव्हलंय?"

"व्हय."

"त्याच्या हातानं?"

"त्याच्याच."

माय म्हणाली, "आन नामाकडं नाताळ काहून? तो कवा झाला किरिस्ताव?"

मला कारण ठाऊक होतं. दादा आधी दोन वर्षं श्रीरामपूरला होता. तिकडं साळवे आडनावाची ख्रिस्ती घरं पुष्कळ. हिंगोलीत खोली शोधायला लागला तेव्हा एका घरमालकाला त्याच्या पाकिटात एक फोटो दिसला. त्या फोटोत अक्का नर्सच्या पांढऱ्या टोपीत, मागं इंग्लंडचा बर्फ. साळवे, श्रीरामपूर आणि वर हा फोटो, त्यानं आपणच ठरवून टाकलं की हा ख्रिश्चन. दादा गप्प बसला आणि त्याला खोली मिळाली.

आता कागदाचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

माझा बाप जळबा. धर्मांतरानंतर त्याला कुणीतरी सांगितलं, की सत्तावीस साली पंचवीस डिसेंबरला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. बाप म्हणाला, आपणही जाळू. पण साखऱ्यात ते पुस्तक मिळेना. ज्याच्या घरी असेल तो हात लावू देईना. बाप चिडला. म्हणाला, पुस्तक त्यांच्याच घरी राहू दे. ते जे आपल्याला वर्षभर वाचून दाखवतात ते तर आपल्याजवळ हाय ना? दादाच्या वहीतलं एक पान फाडलं. घरातल्या प्रत्येकानं त्या वर्षातलं एक सांगायचं, थोरल्या पोरानं लिहायचं. "मास्तरांनी अनुसयाला फळा पुसू दिला न्हाई." "पाटलाच्या दारावरून वरातीची वाजंत्री बंद करायला लावली." कायदा एवढाच: जुनं उकरायचं नाही, खोटं लिहायचं नाही, आणि ज्यानं केलं त्याचं पूर्ण नाव लिहायचं. मग दिवस मावळायच्या आत दारापुढं, चारचौघांना दिसेल असं जाळायचं. बाप म्हणायचा, लपून जाळायला ती काय चोरीची लाकडं हायेत?

बाप जाऊन नऊ वर्षं झाली. दादा नोकरीला लागल्यापासून कागद मी लिहायचो. पण कागद एकाही वर्षी चुकला नाही.

"जाऊ," माय म्हणाली.

"दादा येऊ नको म्हणून राहिला."

"माय मेली असं तर लिव्हलं न्हाई ना त्यानं? मंग जाऊ."

पंचवीसला रविवार होता. पहाटेच्या गाडीनं सेनगाव, तिथून दुसऱ्या गाडीनं हिंगोली. मायनं नवं पातळ नेसलं, पदर डोक्यावरून घेतला, आणि सगळ्या वाटेत एक शब्द बोलली नाही. ती गप्प असली की मला भीती वाटते. बोलत असली की नाही वाटत.

घरमालक धर्मसिंग ठाकुराचं लांबोडं घर. पुढं तो राहतो, बाजूच्या दोन खोल्या दादाकडं. दादाच्या दारावर लाल कागद लावलेला कामट्यांचा तारा टांगला होता, आपल्या आकाशकंदिलासारखा. दादा स्टुलावर चढून त्याची दोरी बांधत होता. आम्हाला बघितलं आणि तसाच स्टुलावर उभा राहिला.

"रामकिशन, कार्ड मिळालं न्हाई का तुला?"

"मिळालं."

"मग?"

"वाचलं."

माय म्हणाली, "पाणी तरी पाज रे. का त्याच्यासाठीबी आधी कार्ड टाकावं लागतंय?"

आतून अक्का पळत आली. अंगात जाड स्वेटर, केस मानेपर्यंत कापलेले. हाडकुळी झाली होती. मायनं तिला धरलं, मग दूर करून बघितलं, मग पुन्हा धरलं.

"केस काहून कापले ग?"

"ड्युटीत टोपी नीट बसत न्हाई, माय."

"मंग टोपी मोठी करायला सांगायची. केस काहून?"

अक्का रडता रडता हसली. चंदावहिनी, म्हणजे दादाची बायको, दारातच मायच्या पाया पडली आणि चटकन आत गेली. दादाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

दादानं मला मागच्या बाजूला नेलं. "तू ऐकून तर घे. तीन महिने खोली शोधली मी. आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग गोड आवाजात 'कोणापैकी'. मग खोली भाड्यानं गेलेली असते. हे ठाकूर म्हणाले 'क्रिश्चन हो क्या', मी काही बोललो नाही. एक अक्षर खोटं बोललो नाही मी."

"न बोलता बोललास."

"तुला काय होतंय बोलायला! तू गावात राहतो. तुझी जात सगळ्या गावाला पाठ हाय, तुला लपवायची सोयच न्हाई. मला इथं चंदाला घेऊन राहायचंय. एवढा एक तास निभू दे. मंडळी चार वाजता येतात, पाचला जातात. तोवर आईनं स्वयंपाकघरात बसावं. बस, एवढंच."

ह्यात त्याचं सगळंच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. खोली नाकारली गेली की माणूस दारात कसा उभा असतो ते मलाही ठाऊक आहे. पण 'आई' हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आमच्या घरात सगळे माय म्हणतात. हिंगोलीत तिचं तेवढंही बदललं होतं.

अक्का मागच्या दारात येऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"दादा, माझ्या वॉर्डात काय होतं सांगू? नाताळच्या आधी आठ दिवस म्हातारी माणसं भरती व्हायला लागतात. कुणाला खोकला, कुणाचा गुडघा. मुलं गाडीतून आणतात, चॉकलेटचा डबा देतात, आणि जातात. एक मुलगा लंडनला, एक स्कॉटलंडला, आईनं नाताळ कुणाकडं करायचा ह्यावर भांडण. मग ती माझ्याकडं येते. पंचवीसला आम्ही त्यांच्या डोक्यावर कागदाच्या टोप्या घालतो, कोंबडी भरवतो, आणि ती दाराकडं बघत बसतात. चार वर्षं मी हे केलं. मला वाटायचं, आपल्यात असं न्हाई."

"मी काय तिला दवाखान्यात टाकून राहिलो?"

"न्हाई. तिथल्या पोरांना निदान खोकल्याचं कारण तरी सांगावं लागतं."

मायनंच भांडण तोडलं. आतून ओरडून म्हणाली, "बसते मी चुलीपाशी. लेकराची खोली जायला नको माझ्यापायी."

अक्काचा चेहरा उतरला, माझाही. दादा मात्र सुटल्यासारखा झाला. त्याला वाटलं, माय ऐकली.

बराबर चार वाजता धर्मसिंग आणि त्याची बायको केशरबाई आले. धर्मसिंगच्या डोक्याला फेटा, मिशीला तेल. केशरबाईच्या पायात चांदीचे जाड वाळे. अक्कानं विलायतेहून आणलेल्या डब्यातला केक कापला, काळा, मनुका भरलेला. दोघांनी हातात घेतला. धर्मसिंग म्हणाला, "प्रेयर नहीं करते क्या तुम लोग, खाने के पहले?"

दादा अक्काकडं बघायला लागला. अक्का खिडकीतून बाहेर बघायला लागली. दादानं डोळे मिटले, हात जोडले. काय म्हणणार होता कोण जाणे. त्याला येशूची एकही ओळ येत नव्हती.

तेवढ्यात माय आतून आली. पदर सावरला, बैठकीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "जय भीम."

केशरबाईचा हात तोंडाजवळ जाऊन थांबला.

"ये कौन हैं?" धर्मसिंगनं विचारलं.

"मी ह्याची माय," माय म्हणाली. "पंचफुला जळबा साळवे, साखऱ्याची." आणि रिकाम्या खुर्चीत बसली. "चुलीपाशी एक तास बसते म्हणले व्हते. पण देवापुढं खोटे हात जोडायला लागला माझा लेक, मंग मला ऱ्हावलं न्हाई. त्यांचा देव त्यांना ऱ्हाऊ दे. नामा, कागद घे. पंचवीस तारीख हाय."

"माय, आत्ता नको."

मी बघितलं, तो 'माय' म्हणाला.

"आत्ताच. दिस मावळायला लागला."

दादा हलला नाही. वहिनी आत गेली, जिनिंगातला एक कोरा ताव आणि पेन घेऊन आली, त्याच्या पुढ्यात ठेवला. तो वहिनीकडं बघत राहिला, मग पाटावर बसला. लहानपणी बसायचा तसाच, एक गुडघा वर करून.

आधी मी सांगितलं. ग्रामपंचायतीच्या सभेला बोलावलं आणि पायरीवर बसवलं, आत जागा असून. सरपंचाचं पूर्ण नाव. दादानं लिहिलं. मग अक्का. "चार वर्षं नाताळची ड्युटी माझ्यावर टाकली. 'तुला इथं कुठं घर आहे' असं वॉर्डची बाई म्हणाली." वॉर्डच्या बाईचं इंग्रजी नाव दादाला लिहिता येईना, अक्कानं एकेक अक्षर सांगितलं.

"आता माझं लिव्ही," माय म्हणाली. "माझ्या लेकानं कार्ड लिव्हलं, पंचवीसला मायला माझ्या घरी आणू नको. उघड्या कार्डावर लिव्हलं. डाकवाल्यानं वाचलं. नाव लिव्ही. नामाजी जळबा साळवे."

पेन थांबला.

"पूर्ण नाव?" त्यानं विचारलं. बत्तीस वर्षांचा माणूस, पण आवाज पोराचा.

"सगळ्यांचं पूर्ण लिव्हतो का न्हाई आपुन? पाटलाचं लिव्हलं. मास्तराचं लिव्हलं. तुझं काहून सोडू? तू काय पाटलाहून मोठा झाला?"

त्यानं लिहिलं. आपल्या हातानं आपलं नाव, बापाच्या नावासकट. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही.

मग वहिनी बोलली. सकाळपासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "माझंबी लिहा. बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेवला, लुगड्यांच्या खाली. मी दोनदा काढला, दोनदा परत ठेवायला लावला. नाव तेच लिहा. वरचंच."

दादानं वर बघितलं नाही. तेही लिहिलं. मग कुणी काही सांगायच्या आत आणखी एक ओळ लिहायला लागला आणि मोठ्यानं वाचत लिहायला लागला: "मला खोली दिली ती मी जो न्हाई तो समजून. जो हाय तो समजून दिली नसती. धर्मसिंग..." तो थांबला. "तुमच्या वडलांचं नाव काय, ठाकूरसाहेब?"

"ये क्या है?" धर्मसिंग उठला. "मेरा नाम काहे को लिख रहे हो? मुझे क्या मालूम था तुम कौन हो!"

"मालूम तो था जी," केशरबाई म्हणाली.

बोलून गेली आणि तिनं पदर तोंडावर धरला. पण आता आलंच होतं तर तिनं पुढचंही सांगून टाकलं, मराठीत, मायकडं बघत: "जिनिंगातल्या सगळ्या लोकांना ठावं हाय, बाई. पहिल्या महिन्यातच कळलं व्हतं. हे म्हणले, क्रिश्चन समजतेत लोक तर समजू दे. गल्लीला सांगायला बरं पडतंय."

हे ऐका. ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं. दादा दोन वर्षं घाबरून जगला, बाबासाहेबांना पेटीत कोंडलं, जन्मदात्रीला आणू नको म्हणून कार्ड टाकलं, ते ज्याच्यासाठी, त्याला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. त्याला दादाची जात खुपत नव्हती, दादानं ती बोलून दाखवलेली खुपली असती. चहा आमच्याच हातचा, कपही आमचेच, फक्त त्यावर दुसऱ्या धर्माचं झाकण पाहिजे. त्या लोकांचा देव समुद्रापलीकडून आला म्हणून चालतो. आमचा माणूस इथल्याच मातीतला, म्हणून विटाळ होतो. आणि ह्याला हे लोक आमच्यावर केलेली मेहरबानी म्हणतात!

मी काहीतरी वाईट बोलणार होतो. पण दादा उठला. ताव घेतला, वहिनीकडून काडेपेटी घेतली आणि दाराबाहेर गेला. आम्ही सगळे मागं. गल्लीत पोरं गोट्या खेळत होती, समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. दादानं ताव उंबऱ्याबाहेर दगडाखाली ठेवला. वाऱ्यानं पहिली काडी विझली. दुसरी विझली. माय म्हणाली, "आडवा बस वाऱ्याला." तो बसला आणि तिसरी काडी लागली. आमची सगळी नावं एकत्र जळाली. सरपंच, विलायतेची बाई, दादा, धर्मसिंग. जळताना कुणाचं नाव वेगळं दिसलं नाही.

शिंपी म्हणाला, "काय जाळलं, साळवेसाहेब?"

दादानं सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आणि शेवटी म्हणाला, "आम्ही बौद्ध. ख्रिश्चन न्हाई. मी कवाच नव्हतो." शिंप्यानं मान हलवली आणि पुन्हा मशीन सुरू केली. त्यानं काय मानलं ते मला कळलं नाही, आणि आता दादाला त्याची पर्वाही दिसत नव्हती.

धर्मसिंग मात्र लाल झाला होता. आपल्या ओट्यावर उभा राहून ओरडला, "पहली तारीख को खाली करो! मेरे को ऐसा तमाशा नहीं चाहिए!"

दादा त्याच्याजवळ गेला. पेन अजून हातातच होता. तो त्यानं पुढं केला.

"लिहून द्या, ठाकूरसाहेब. खाली करा म्हणून लिहा, आणि का ते पण लिहा. भाडं थकलं न्हाई, खोली खराब केली न्हाई, भांडण केलं न्हाई. मग कारण काय ते तुमच्या हातानं लिहा. मी आत्ता माझ्या हातानं माझ्याविरुद्ध दोन ओळी लिहिल्या. तुम्ही एक लिहा. मग मी उद्याच जातो."

धर्मसिंग पेनाकडं बघत राहिला. केशरबाई त्याच्याकडं. गल्लीतली पोरं गोट्या टाकून जवळ आली होती.

"कल बात करेंगे," धर्मसिंग म्हणाला.

"उद्या मी कामावर असतो. आज बोला."

त्यानं पेन घेतला नाही. फेटा नीट केला, आत गेला आणि दार लावून घेतलं. केशरबाई बाहेरच राहिली. तिच्या हातात केकचा तुकडा तसाच होता. मायनं बघितलं. "खा बाई, बिनधास खा. विलायतेच्या भट्टीतला हाय. आमचा हात फकस्त कापताना लागला." केशरबाईनं इकडं तिकडं बघितलं, तुकडा तोंडात टाकला आणि पटकन आत गेली. अक्का इतकी हसली की खाली बसली.

खोली राहणार की जाणार ते त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. दादा म्हणाला, "माय, तुमी आज जाऊ नका. अक्काला दहा दिवस हायेत. ते सगळे दहा दिवस सगळ्यांनी इथंच राहायचं."

"आन माझ्या शेळ्या?"

"रामकिशन जाईल उद्या."

"व्हय, मीच जाणार," मी म्हणालो. "कार्डबी माझ्याच नावानं आलं व्हतं."

माय ओट्यावर बसली, पाय खाली सोडून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. वहिनी आतून तिचं बोचकं घेऊन आली आणि विचारलं, "माय, तुमचं अंथरूण कुठं टाकू? स्वयंपाकघर ऊबदार हाय."

"पुढच्या खोलीत टाक," माय म्हणाली. "दाराच्या सामनेच टाक. ठाकुराला काही बोलायचं असलं, तर मला उठवून बोलू दे."